डब्यावरचा आकडा आणि हातातला पिस्टन

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या बोरिंगच्या दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा तो पायरीवरच बसला होता. आमच्या जुन्या गल्लीतल्या शेजाऱ्यांचा मुलगा, गेली बारा वर्षं इंग्लंडात, लीड्सजवळ. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. "काका, कपडे कमी आणले, पण हे आणलं," म्हणत त्यानं टॉवेल सोडला. आत बुलेटचा बिडाचा ब्लॉक होता, म्हणजे ज्याच्या पोकळीत पिस्टन वरखाली होतो तो भाग, पाच-सहा किलोचा. पंखांमधला गंज साफ केलेला. सोबत एक काळवंडलेला जुना पिस्टन आणि एक कोरा करकरीत डबा.

गाडी रेडिचची, म्हणजे इंग्लंडात बनलेली 350 बुलेट. पण रस्त्यावर पळवायची नाही, ट्रायल्सची. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी बघितलेला नसतो, म्हणून सांगतो. यात वेगाची शर्यत नसते. खडकांतून, चिखलातून, ओढ्याच्या पात्रातून आखून दिलेल्या वाटेनं गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. एकदा पाय टेकला की 1 गुण दंड, दोनदा टेकला की 2, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी 3, आणि गाडी थांबली किंवा पडली की 5. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमधल्या सहा दिवसांच्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये जॉनी ब्रिटननं 1952 आणि 1957 साली रॉयल एनफिल्डवर पहिला नंबर काढला होता. या मुलाच्या घरी त्या गाडीचा फोटो भिंतीवर आहे.

"सोमवारी विमान आहे. या पिस्टनला ब्लॉक बोअर करून द्या," तो म्हणाला. म्हणजे झिजलेली पोकळी नव्या, मोठ्या पिस्टनच्या मापाला कातून द्यायची. तिकडं बोरिंग करणारे नाहीत असं नाही. पण त्याच्या वडिलांची बुलेट माझ्या आबांनी बोअर केली होती, म्हणून हाही ब्लॉक याच मशीनवर चढावा अशी त्याची इच्छा होती. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं, हे खरं.

डबा उघडला. फोर्ज केलेला, म्हणजे ओतलेला नाही तर दाबून घडवलेला पिस्टन, देखणा, माथा फुगीर. डब्यावर 40 लिहिलेलं. ब्लॉक आधी एकदा 20 थाऊला, म्हणजे इंचाच्या 20 हजारांशांनी मोठा, बोअर झालेला होता. आतला व्यास मोजायला मी डायल गेज आत सोडला. वरच्या बाजूला, जिथं पिस्टनवरची रिंग वर जाऊन परत खाली वळते तिथं, 18 पॉइंट झीज, म्हणजे 0.18 मिलिमीटर, शिवाय बोअर अंडाकृती झालेला. पुढची साइज 40 थाऊ, हे बरोबर. इंचाचा हिशोब असल्यामुळे 40 म्हणजे 1.016 मिलिमीटर. मूळ बोअर 70, म्हणजे आता साधारण 71.016. आपल्याकडे काही डब्यांवर मिलिमीटरमधली साइज असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊन चालत नाही.

पण माझा हात मशीनकडं जाईना. जुना आणि नवा पिस्टन शेजारी शेजारी बेंचवर ठेवले आणि दोन्हींत पिन घातली. व्हर्नियरनं पिनच्या वरच्या कडेपासून माथ्याच्या कडेपर्यंत मोजलं. उंची जवळपास सारखी. फरक मधल्या फुगवट्यात होता. नुसत्या डोळ्यांनी तो किती आहे ते कळत नाही, म्हणून एक जुनी रीत केली. माझ्याकडे एक भंगार ब्लॉक आहे, शेवटच्या साइजला बोअर झालेला. त्यात पिस्टन कडेपासून बरोबर 10 मिलिमीटर खाली बसवायचा, भोवतीची फट ग्रीसनं बुजवायची, वर छिद्र पाडलेली ॲक्रेलिकची काच ठेवायची आणि सिरिंजनं तेल सोडत जायचं. शेवटचा बुडबुडा छिद्रातून निघून गेला की थांबायचं. जुन्या पिस्टनवर 36 सीसी तेल बसलं, नव्यावर 28.

आठ सीसी म्हणजे काय, ते कागदावर मांडून त्याला दाखवलं. इंजिन 346 सीसीचं. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू किती पटीनं दाबला जातो ते, साडेसहाला एक धरलं, तर वरच्या पोकळीत 63 सीसी जागा लागते. त्यातले 8 वजा केले की 55 उरतात आणि कॉम्प्रेशन जातं सव्वासातच्या वर. रस्त्यावर पळणाऱ्याला हे आवडेल. पण याची गाडी चालतीय ओढ्यात, चालण्याच्या वेगानं, थ्रॉटल जेमतेम उघडा. तिथं प्रत्येक ठोका मऊ पडायला हवा. कॉम्प्रेशन वाढलं की हळू वेगात गाडी हिसके देणार, मागचं चाक ओल्या दगडावर सुटणार, किक उलटी बसणार. शिवाय चढावर वारा लागत नाही, बिडाचा ब्लॉक नुसता तापत राहतो. फुगीर माथ्याला व्हॉल्व्ह भिडतो का, हेही हेड बसवून तपासायला हवं होतं, आणि हेड होतं लीड्सजवळच्या त्याच्या गॅरेजात.

वजनाचंही तेच. दोन्ही पिस्टन पिन आणि रिंगांसकट काट्यावर ठेवले, तर नवा 46 ग्रॅम हलका. फ्लायव्हीलचं बॅलन्सिंग जुन्या वजनावर केलेलं. एवढ्या फरकानं कुठल्या वेगाला हादरे येतील, ते इथं कोल्हापुरात बसून मी कसं सांगणार?

"काका, सगळ्यांत महाग हाच होता. मजबूत म्हणून घेतला." त्याचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती. फोर्ज पिस्टन मजबूत असतोच. पण अशा बऱ्याच पिस्टनांच्या धातूत सिलिकॉन कमी असतं, त्यामुळे तो तापल्यावर जास्त फुगतो आणि पिस्टन आणि ब्लॉकच्या भिंतीमध्ये जागा जास्त ठेवावी लागते. ओतीव पिस्टनला मी अशा ब्लॉकमध्ये 8-9 पॉइंट ठेवतो, फोर्जला 11-12. म्हणजे थंड असताना तो खटखट वाजणार, आणि दर चढानंतर थंड होणाऱ्या या गाडीत ती खटखट सारखी परत येणार. या गाडीला ताकदीची गरजच नव्हती. याला हवा होता साधा, ओतीव, बसक्या माथ्याचा पिस्टन.

मी नको म्हणालो, त्यामागं आणखी एक कारण होतं, ते त्याला सांगितलं. धंद्यात नवा होतो तेव्हा एका बुलेटचा ब्लॉक मी डब्यावरच्या आकड्याला, तक्त्यात बघून बोअर केला होता. पिस्टन मोजला नाही. तो तक्त्यापेक्षा तीन पॉइंट मोठा निघाला, म्हणजे मी ठेवलेली जागा तेवढी कमी झाली. पन्हाळ्याच्या चढावर पिस्टन ब्लॉकमध्ये अडकून इंजिन पकडलं, मागचं चाक लॉक झालं आणि चालवणाऱ्याचं मनगट मोडलं. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. तेव्हापासून पिस्टन माझ्या हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढत नाही.

मग पिस्टन शोधायला निघालो. आपल्या देशाचं इथं नशीब चांगलं आहे. 1955 साली रेडिचच्या कंपनीनं मद्रासमध्ये भागीदारी केली आणि रेडिचचा कारखाना 1967 ला बंद झाला तरी तिरुवोत्तियूरमध्ये 70 बाय 90 चं हेच इंजिन पुढं कितीतरी वर्षं बनत राहिलं. म्हणून इंग्लंडातल्या गाडीचा पिस्टन कोल्हापुरात मिळण्याची आशा असते. पण बोअर तोच म्हणून पिस्टनही तोच, असं नसतं.

पहिल्या दुकानात मिळालेल्या पिस्टनला रिंग खाचेत इतकी सैल की बोटानं वरखाली हलत होती. परत दिला. दुसऱ्या दुकानात एकच साइज. तिसऱ्या दुकानाच्या मालकांनी शिडी लावून माळ्यावरून एक तपकिरी खोकं काढलं. आत तेलकट कागद, कागदात पिस्टन. माथा बसका. मी तिथंच खिशातला मायक्रोमीटर काढला. स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाच्या, तळापासून थोडं वर, पिनच्या काटकोनात 70.93. पिस्टन गोल नसतो, वरून खाली सारखाही नसतो, म्हणून जागा चुकली की माप चुकतं. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. आमच्या दुकानात परत येऊन तेल भरून बघितलं, 35 सीसी. वजनात जुन्यापेक्षा 7 ग्रॅमचा फरक. तो मुलगा इतका वेळ उभाच होता, ते माप बघून स्टुलावर बसला.

शुक्रवारी ब्लॉक मशीनवर घेतला आणि 70.97 वर थांबलो. उरलेलं होनिंगला, म्हणजे दगडांनी घासून शेवटचं माप आणायला ठेवलं. होनिंगनं ब्लॉक गरम होतो आणि गरम बीड खोटं माप सांगतं. 20 अंशांच्या फरकानं एवढ्या व्यासात दीड पॉइंट फरक पडतो. म्हणून 71.00 ला थांबून ब्लॉक रात्रभर फरशीवर ठेवला. शनिवारी सकाळी चार हात मारून 71.015 केला. वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी बघितलं, अर्ध्या पॉइंटच्या आत. भिंतीवर तिरप्या रेघांची बारीक जाळी उठली होती. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधला गॅप बघितला तर 0.22. फिलर गेजची 0.30 ची पात अलगद सरकेपर्यंत टोक कानशीनं घासलं. हे शेवटचं काम त्याच्याकडून करून घेतलं. दोन ओढी, मग मोजणं, परत एक ओढ. जास्त घासलं की रिंग गेली.

फोर्ज पिस्टन त्यानं डब्यात परत भरला. जुना पिस्टन मी मागून घेतला नाही, त्यानंच बेंचवर ठेवला.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला, तिकडं सकाळ होती. इंजिन पहिल्यांदाच सुरू केलं होतं आणि ब्लॉकमधून खटखट ऐकू येत होती. मी म्हटलं, फोन ब्लॉकजवळ धर आणि बोलू नकोस. ऐकत राहिलो. मिनिटभरानं खटखट विरळ झाली, मग गेली. खाली नुसता टॅपेटचा बारीक आवाज उरला. दोनशे मैल झाले की हेडचे नट परत आवळ, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.