तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅमिटीव्हिलच्या घरात ‘काहीतरी’ होतं का?

"पण काहीतरी असेलच ना? उगाच कोण २८ दिवसांत नवं घर टाकून पळेल?" अमेरिकेतल्या अ‍ॅमिटीव्हिल गावच्या त्या ‘झपाटलेल्या’ घरावरच्या सिनेमांचा विषय निघाला की हे विचारलं जातंच. भुताचे सिनेमे मलाही आवडतात, १९७९चा पहिला तर आजही बघते. पण त्या ‘काहीतरी’च्या नादात १३ नोव्हेंबर १९७४ची पहाट मागे पडते, ते मला सहन होत नाही.

लाँग आयलंडवरच्या त्या घरात पहाटे तीनच्या सुमाराला २३ वर्षांच्या रोनाल्ड डिफीओने पॉइंट ३५ची मार्लिन रायफल हातात घेतली. ही लिव्हरवाली रायफल. गोळी झाडली की लिव्हर खाली ओढून वर घ्यायचा, मग रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि पुढची गोळी आत बसते. आपोआप काहीच होत नाही, दर गोळीला हात चालवावा लागतो. आईवडिलांना दोन-दोन, चार भावंडांना एकेक, अशा आठ गोळ्या. भावंडं १८, १३, १२ आणि ९ वर्षांची. सहाही जण आपापल्या अंथरुणात पालथे सापडले. नंतर त्याने अंघोळ केली, रक्ताचे कपडे आणि काडतुसं उशीच्या अभ्र्यात भरून ब्रुकलिनच्या गटारात टाकली आणि कामावर गेला. संध्याकाळी साडेसहाला बारमध्ये धावत जाऊन त्याने घरच्यांना कुणीतरी मारल्याचं सांगितलं. पोलिसांपुढे आधी माफियाच्या माणसाची कथा रचली. त्याच्या खोलीत रायफलचं रिकामं खोकं सापडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने कबुली दिली.

आवाज ऐकू येत होते, हा त्याच्या बचावाचा भाग होता. ज्युरीने तो मानला नाही. सहा खुनांसाठी प्रत्येकी २५ वर्षं ते जन्मठेप. १९८२च्या सिनेमाने मात्र तोच बचाव उचलला आणि खुनी मुलाच्या अंगात सैतान घातला. मेलेली पोरं नुसती प्रस्तावना होऊन बसली.

लुट्झ कुटुंबाने ८०,००० डॉलरला घर घेतलं आणि डिसेंबर १९७५मध्ये, शिक्षा सुनावल्यावर दोनच आठवड्यांत, ते तिथे राहायला आले, आणि घर झपाटलेलं आहे म्हणत २८ दिवसांत पळाले. त्यांच्या कथेतलं जे तपासता येतं ते तपासावं. बर्फातले खुरांचे ठसे? त्या दिवसाच्या हवामानाच्या नोंदीत बर्फ नाही. उचकटलेली दारं? पुढच्या मालकांना जुनी कुलपं-बिजागऱ्या शाबूत मिळाली. ते दहा वर्षं राहिले, त्रास झाला तो बघ्यांचा. शेवटी घराचा नंबर बदलावा लागला, माळ्याच्या त्या डोळ्यांसारख्या खिडक्याही गेल्या. सिनेमा तर तिथे झालाच नाही, न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हरच्या एका घराला तशा खिडक्या बसवून घेतल्या. आणि डिफीओचा वकील विल्यम वेबर याने १९७९मध्ये सांगून टाकलं, की ही गोष्ट मी आणि लुट्झ नवरा-बायकोने मिळून वाइनच्या बाटल्या रिकाम्या करत रचली.

पूर्वी मी इथेच थांबायचे. लुट्झ खोटारडे, विषय संपला. आता तसं म्हणवत नाही. नवरा-बायको दोघंही लाय डिटेक्टर चाचणी उत्तीर्ण झाले होते. ते यंत्र नाडी, श्वास आणि घाम मोजतं, भूत मोजत नाही, हे ठाऊक असूनही. वाइनची कबुली देणाऱ्या वकिलाचा लुट्झशी कोर्टात वाद चालू होता, हेही मी सोयीने गाळायचे. सहा माणसं मेलेल्या घरात, रात्री पाइपही वाजत असताना, घाबरायला सैतान लागत नाही, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच.

आणि कुणालाच जाग का आली नाही? सायलेन्सर नव्हता. शेजाऱ्यांना कुत्र्याचं भुंकणं ऐकू गेलं, गोळ्यांचे आवाज नाहीत. नोव्हेंबरची थंडी, बंद खिडक्या, इतकं बाहेरच्यांपुरतं चालून जातं. पण एकाच छपराखाली, पुढच्या खोलीत झोपलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचं काय? मला विचारायचंच असेल तर हे विचारा. याचं पटेल असं उत्तर माझ्याकडेही नाही.