सुधारणा नोटीस आणि पडवीतली पेटी

अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात काम करताना एका मे महिन्यात मी आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याची तपासणी केली. आंबे धुण्याच्या टाकीतले पाणी गढूळ होते, रस काढण्याच्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या आणि कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले मालकांना दाखवता आले नाहीत. माझ्या अहवालावरून पदनिर्देशित अधिकाऱ्यांनी (परवाने देणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी) अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ नुसार सुधारणा नोटीस काढली. अशा नोटिशीत कोणती तरतूद पाळली गेली नाही आणि नेमकी कोणती दुरुस्ती करायची हे लिहावे लागते, त्यासाठी किमान १४ दिवस द्यावे लागतात, आणि मुदतीत पूर्तता न झाल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. ज्यांची वर्षाची कमाई पावसाआधीच्या काही आठवड्यांत होते, त्यांना ही मुदत किती जड जाते, हे मी जाणतो.

नोटीस बजावल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तेव्हा पडवीत हापूसची पाच डझनांची पेटी होती. कारखान्याच्या माणसाने ती आणून दिली होती आणि आईने ठेवून घेतली होती. "अरे, दारी आलेला आंबा कोणी परत पाठवतं का? आपणही देतोच की चार घरी," असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्याकडे हंगामात पेट्या देणे-घेणे हे माणुसकीचेच लक्षण मानले जाते. पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील भेटीचा नियम केवळ कर्मचाऱ्याला बांधत नाही. त्याने कुटुंबातील व्यक्तीलाही भेट स्वीकारू देता कामा नये. जवळचे नातलग आणि शासकीय कामाचा संबंध नसलेले स्नेही यांच्यासाठी त्यात वाट ठेवलेली आहे, परंतु ज्याच्यावर मीच चार दिवसांपूर्वी नोटीस बजावली, तो या वाटेने येऊ शकत नव्हता. हे आईला समजावताना मला मनापासून वाईट वाटले, कारण तिच्या हातून काहीही गैर घडले नव्हते.

पेटी कोणी, केव्हा आणि कोणाकडे दिली, हे त्याच रात्री लिहून काढले. सकाळी ते पत्र कार्यालयात दिले, आवक क्रमांक घेतला, आणि एका सहकाऱ्याला सोबत घेऊन न उघडलेली पेटी परत करून मालकांकडून पोच घेतली. फेरतपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी विनंतीही त्याच पत्रात केली होती व ती मान्य झाली.

आठवड्याभरात माझ्याविरुद्ध तक्रार आली: मी आंबे मागितले, ते मिळाले नाहीत म्हणून नोटीस दिली. वरिष्ठांनी खुलासा मागवला. अशी तक्रार हलकी नसते. विनाकारण त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या किंवा कर्तव्यासाठी गरज नसताना कोणाचे नुकसान करणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यावर याच कायद्याच्या कलम ३९ नुसार १ लाख रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. खुलासा मी अर्ध्या पानाचाच लिहिला आणि त्याला तपासणी अहवाल, पत्राची आवक प्रत आणि पोच जोडली. तिन्हींवरच्या तारखा तक्रारीच्या आधीच्या होत्या.

मुदत संपल्यावर दुसऱ्या अधिकाऱ्यांनी कारखाना पाहिला. जाळ्या बसल्या होत्या, टाकीला वाहते पाणी जोडले होते, दाखले तयार होते. नोटीस निकाली निघाली आणि माझ्यावरील तक्रार पुढील कारवाई न होता दप्तरी दाखल, म्हणजे बंद झाली.