दहा किलो शिसं आणि एक कासव

ग्रुपमध्ये पाच स्कूबा डायव्हर होते, सगळे सर्टिफाइड. पुढे दुसरा गाइड आणि सगळ्यांच्या मागे मी. मागे राहिलं की चेहरे दिसत नाहीत, फिन (पायातली वल्ही) दिसतात. आणि कोण कसा डायव्ह करतो हे फिनांवरूनच कळतं.

एकाचे फिन सतत खाली होते. अंगात तीन मिलिमीटरचा वेटसूट, पाठीवर ॲल्युमिनियमचा टँक, कमरेला बुडायला मदत म्हणून दहा किलो शिसं आणि हातात मोठ्या हाउसिंगमधला (पाणी न शिरणाऱ्या खोक्यातला) कॅमेरा. जास्तीचं वजन पेलायला तरंगण्यासाठीच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये जास्तीची हवा भरावी लागते, किलोमागे साधारण एक लिटर. हवा छातीशी, शिसं कमरेला. त्यामुळे डोकं वर, पाय खाली, अंग तिरकं. अशा अवस्थेत मारलेली प्रत्येक किक पाण्याचा झोत तळावर सोडते. गाळ उडतो, प्रवाळावर बसतो आणि तो झटकण्यासाठी प्रवाळाला चिकट स्राव सोडत बसावं लागतं.

अठरा मीटरवरून वर येताना या फोटोवाल्यांची खरी पंचाईत झाली. अठरा मीटरवर जॅकेटातली फालतू हवा चार लिटर धरली, तर दहा मीटरवर पाण्याचा दाब कमी झाल्याने तीच फुगून साडेपाच लिटरच्या पुढे जाते. माणूस वर खेचला जातो, घाबरून हवा सोडतो, धपकन खाली येतो. तसेच ते खाली आले आणि उजव्या फिनचं टोक फांद्यांच्या प्रवाळात घुसलं. करंगळीएवढी एक फांदी तुटून वाळूत पडली, तुटल्या जागी आतला पांढराशुभ्र सांगाडा उघडा पडला. त्यांना पत्ताही नव्हता; फिनच्या टोकाला काय लागलं हे पायाला कळत नाही. फांद्यांचं प्रवाळ त्यातल्या त्यात लवकर वाढतं, परिस्थिती चांगली असेल तर वर्षाला दहा सेंटीमीटरही. घुमटासारखं भरीव प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं.

आणि नेमका तसाच एक घुमट त्यांनी पुढे डाव्या हाताने धरला. कपारीखाली हिरवं कासव विसावलं होतं, फोटोसाठी स्थिर राहायचं होतं, आणि हातात मोजे होते. (मोजे घातले की माणूस बिनधास्त हात लावतो, थंड पाणी किंवा दोरीचं काम नसेल तर ते नकोतच.) प्रवाळाची जिवंत कातडी अगदी पातळ असते. वरून दाब आला की ती स्वतःच्याच धारदार सांगाड्यावर चिरडते आणि तिथून रोग शिरायला वाट मिळते.

तोवर आणखी दोघे कासवाच्या बरोबर वर येऊन तरंगायला लागले. कासवाने मान उचलली, पुढचा वल्ह्यासारखा पाय वाळूवर एकदा घासला आणि थांबलं. ही निघायची तयारी. कासव हवेवर जगतं. विसावलेलं असताना ते तासन्‌तास खाली राहू शकतं, पण दचकून पळालं की साठवलेला ऑक्सिजन झपाट्याने संपतो. अशा वेळी त्याची वरची वाट मोकळी हवी. लक्ष वेधायला टँक वाजवला असता तर आधी कासवच दचकलं असतं. म्हणून वरच्या दोघांना हाताने खुणावून बाजूला घेतलं आणि फोटोवाल्यांच्या समोरच्या वाळूवर टॉर्चचा गोल फिरवला. ते मागे सरले. कासव कपारीतून निघालं आणि तिरकं वर गेलं.

वर आल्यावर भाषण द्यायची गरज नव्हती. टँकमध्ये पन्नासेक बार दाबाची हवा उरली होती, वजन तपासायला याहून चांगली वेळ नाही. शिडीजवळच, जॅकेट पूर्ण रिकामं, उभं राहून नेहमीसारखा श्वास घेऊन रोखलेला, पाय स्थिर. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. ते दगडासारखे बुडाले. एकेक किलो काढत गेलो, सहावर जमलं. हीच चाचणी भरलेल्या टँकवर केली तर वर दोनेक किलो धरावे लागतात, कारण डायव्हभरात तेवढ्या वजनाची हवा आपण वापरून संपवतो. सहापैकी दोन किलो पट्ट्यावरून काढून टँकच्या पट्ट्याला लावले, म्हणजे पाय आपोआप उचलले जातात. लोंबकळणारा गेज (टँकमधला दाब दाखवणारा) आणि ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायची जादाची नळी, छातीशी अडकवला. कॅमेरा बोटीवरच ठेवायला सांगितला. तेवढं त्यांना आवडलं नाही.

दुसऱ्या डायव्हमध्ये गुडघे वाकवून, तळवे मागे ढकलत बेडूक-किक मारायला लावली. पहिली काही मिनिटं जॅकेटच्या बटणाशी झटापट चालली, मग श्वासावर वर-खाली होणं जमलं. शेवटी पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा-थांब्याला टँक जवळजवळ रिकामा आणि जॅकेटमध्ये नावापुरती हवा असताना ते आडवे, हात बांधून स्थिर होते. पुढच्या वेळी कॅमेरा न्यायला हरकत नाही असं सांगितलं, अट एकच: आधी वाळूवर, काहीही न धरता, एक मिनिट असंच तरंगून दाखवायचं.