या उपायात चूक दिसते कुठे?

इंग्रजी सुधारायला काय कराल, असं विद्यार्थ्यांना विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. सिनेमे बघू, पेपर वाचू, रोज दहा शब्द पाठ करू, मित्रांशी इंग्रजीतच बोलू. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही, आणि तरी वर्ष संपताना बहुतेकांचं इंग्रजी होतं तिथंच असतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्गाचा एक जोडतास मी यासाठीच राखून ठेवला आणि अट घातली. प्रत्येकाने आपला एक उपाय चिठ्ठीवर लिहायचा आणि तो तिथल्या तिथे करून दाखवायचा. करून झाला की बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा : या उपायात तुझी चूक तुला दिसते कुठे?

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या सबटायटल्स लावून सिनेमे बघण्याच्या निघाल्या. मी एका मुलाखतीचा छोटा तुकडा इंग्रजी सबटायटल्ससह लावला. कळलं का, म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. मग सबटायटल्स बंद केली, त्याच मुलाखतीतली पुढची पंधरा सेकंदं ऐकवली आणि ऐकू येईल ते शब्दन् शब्द लिहायला सांगितलं. तीनदा ऐकवूनही वह्यांत फक्त ठसठशीत शब्द उतरले होते. ‘आय शुड हॅव टोल्ड हर’ या वाक्याचं बहुतेकांनी ‘आय शुड टोल्ड’ केलं होतं.

यात ऐकण्याचा आळस नाही. इंग्रजीत अर्थ वाहणाऱ्या शब्दांवर जोर पडतो आणि टू, ऑफ, हॅव, कॅन, अँड असे सांधणारे शब्द आखडून पुसट ‘अ’वर येतात. ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं, ‘हर’मधला ‘ह’ गळतो. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा वेळ देतो, त्यामुळे तो पुसट शब्द तिथे असेल अशी आपल्या कानाची अपेक्षाच नसते. सबटायटल्स चालू असली की डोळे वाचून घेतात आणि कान सुट्टीवर जातो. मग वर्गाने तो उपाय असा बदलला : दोन मिनिटांपेक्षा मोठा तुकडा घ्यायचा नाही. आधी नुसतं ऐकायचं, मग थांबवत थांबवत लिहायचं, मग सबटायटल्स लावून गळलेलं लाल पेनाने भरायचं आणि शेवटी पुन्हा सबटायटल्सशिवाय ऐकायचं. दोन मिनिटांच्या तुकड्याला वीसेक मिनिटं सहज लागतात. आठवडाभरात लाल शाईत तेच तेच शब्द दिसायला लागले की आपला कान कुठे कमी पडतो ते कळतं. बाकीचा सिनेमा खुशाल करमणूक म्हणून बघावा, अभ्यासाच्या वेळात धरू नये.

रोज दहा शब्दांचा उपाय करून दाखवायला एका मुलाने वही उघडली. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पानंच्या पानं. मी मागचं एक पान काढून उजवी बाजू झाकली, तर निम्मे शब्द गेलेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे उजळणी सुरुवातीला जवळजवळ हवी आणि पुढे लांब लांब चालते. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या दिवशी आणि मग महिन्याने, इतकं साधं वेळापत्रक पुरतं. वहीऐवजी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं आणि शब्द आठवला नाही तर त्याचं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर आणायचं. कार्डावर सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्य लिहून त्या शब्दाची जागा रिकामी ठेवायची. दहाऐवजी पाच शब्द घेतले तरी चालेल, कारण उजळणीचा ढीग रोज वाढत जातो आणि दहाच्या वेगाने पंधरा दिवसांत वही बंद पडते.

आणि कुठले शब्द? त्या मुलाच्या वहीत भारदस्त विशेषणंच जास्त होती. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द तेवढ्यातलेच असतात. टेक, गेट, पुट, मेक हे शब्द कुणालाही विचारा, येतात म्हणेल. त्यांच्यापुढे ऑफ, अप, आउट लावून वाक्यं करायला सांगितली की पेन थांबतं. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अवघड शब्दांच्या मागे लागण्याआधी या शब्दांवर हात बसवावा.

वाचनाच्या चिठ्ठीवर फार वेळ गेला नाही. पुस्तक निवडताना कुठलंही पान उघडून शंभर शब्द मोजायचे. त्यात दोनच अनोळखी निघाले तर ते पुस्तक वेगाने वाचायला योग्य. दहा निघाले तर ते वाचन नव्हे, शब्दकोशाची कसरत होते. सोप्या इंग्रजीत उतरवलेल्या गोष्टी वाचायला मोठ्या मुलांना कमीपणा वाटतो, तो वाटू नये.

मित्रांशी इंग्रजीत बोलायचा प्रयोग पाच मिनिटांत आटपला. विषय संपला, हसणं सुरू झालं, गाडी मराठीवर आली. शिवाय दोघांच्या चुका सारख्याच असल्या की कुणालाच त्या खटकत नाहीत. तेव्हा मी त्यांना चार-तीन-दोनची पद्धत दिली. एकच विषय आधी चार मिनिटं एका जोडीदाराला सांगायचा, मग तोच विषय तीन मिनिटांत दुसऱ्याला, मग दोन मिनिटांत तिसऱ्याला. मजकूर तोच राहतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीपासून काय बोलायचं याचा विचार सुटतो आणि वाक्यं लांब, सलग यायला लागतात. ऐकणारा बदलतो, म्हणून सांगणाऱ्याला पुन्हा सांगायचा कंटाळा येत नाही. ओघ यायला ही पद्धत उत्तम आहे. पण वर्गातून लगेच प्रश्न आला : मॅडम, यात चूक कुठे दिसते? दिसत नाही. चूकही तितक्याच ओघात येते.

त्याचं उत्तर शेवटच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीत होतं. ‘मोबाइलवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करणार आणि जसंच्या तसं लिहून काढणार.’ तिने ते वर्गात केलं आणि लिहिलेलं फळ्यावर उतरवू दिलं. ‘यस्टर्डे आय गो टू माय फ्रेंड हाउस. शी इज हॅविंग न्यू फोन. वी वॉच मॅच अँड आफ्टर दॅट वी ईट.’ गो, वॉच आणि ईट यांची भूतकाळी रूपं विचारली तर तिने तिन्ही बिनचूक सांगितली. नियम येत होता, बोलण्याच्या वेगात तो जिभेपर्यंत पोचत नव्हता. व्याकरणाचं पुस्तक पुन्हा वाचून ही दरी भरत नाही, कारण पुस्तकातलं तिला माहीतच होतं.

फळ्यावर चुका बऱ्याच होत्या. फ्रेंडच्या पुढचा ‘स’ नव्हता, न्यू आणि मॅचच्या आधीची आर्टिकल्स नव्हती, इज हॅविंग होतं. मी फक्त क्रियापदांच्या काळाखाली रेघ ओढली आणि बाकीचं तसंच ठेवलं. बोलताना लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर ठेवता येतं. पाच चुका सुधारायला गेलं की माणूस अडखळतो आणि गप्प होतो. दुसऱ्या रेकॉर्डिंगला वेंट आणि एट बरोबर आलं, वॉच्डही आलं, पण शेवटी ‘ड’ लावून. तिथे थांबून पाच मिनिटं उच्चारावर गेली. भूतकाळाच्या त्या शेपटीचे उच्चार तीन आहेत. वॉच, वर्क, स्टॉप यांच्या शेवटी घोष नसलेला, म्हणजे घशात कंप न होता निघणारा, व्यंजनध्वनी आहे, म्हणून तिथे ‘ट’. प्ले, कॉल, ओपन यांना ‘ड’. आणि वाँट, नीड असे शब्द मुळातच ‘ट’ किंवा ‘ड’वर संपतात, त्यांनाच फक्त ‘इड’. तिसऱ्या रेकॉर्डिंगला तिने तो तुकडा बिनचूक म्हटला.

मग सगळ्यांना तेच करायला लावलं, तेव्हा एक अडचण निघाली. कित्येकांच्या वहीतलं रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं होतं. आपलंच बोलणं लिहिताना हात नकळत दुरुस्ती करतो, गाळलेलं आर्टिकल वहीत आपोआप येऊन बसतं. त्यावर जोड्या करून एकाचं बोलणं दुसऱ्याने लिहायचं ठरलं. घरी एकट्याने करायचं असेल तर रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी लिहावं आणि दर तीन-चार शब्दांनी थांबवावं. एक मिनिटाचं बोलणं म्हणजे नवशिक्याचे साधारण ऐंशी-नव्वद शब्द, तेवढं पुरतं. पाच मिनिटं बोलून ठेवणारा ते कधीच लिहून काढत नाही.

भाषांतराच्या ॲपची चिठ्ठीही होती, जरा लपवूनच दिलेली. मराठीत लिहायचं आणि ॲपकडून इंग्रजी करून घ्यायचं. तिथे चूक दिसायचा प्रश्नच येत नाही, वाक्य आपण केलेलंच नसतं. क्रम उलटा केला की तेच ॲप कामाचं होतं. आधी स्वतः इंग्रजीत लिहायचं, मग ते दुरुस्त करायला द्यायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून फरकाखाली रेघ मारायची. त्यातले तीनच फरक निवडून प्रत्येकी दोन नवी वाक्यं हाताने लिहायची.

एकाने उतारे पाठ करणार असं लिहिलं होतं. त्याला मी अमेरिकी लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची पद्धत सांगितली, ती त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. चांगल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा, काही दिवस लेख बाजूला ठेवायचा, मग नुसत्या टिपणांवरून तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून बघायचा. शंभर-सव्वाशे शब्दांचा एक परिच्छेद आठवड्याला पुरे. त्या मुलाने लगेच पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद निवडून टिपणं काढायला घेतली.

तास संपत आला तेव्हा विचारणा झाली, मॅडम, किती दिवसांत येईल? दिवसांऐवजी तास मोजा म्हटलं. युरोपात भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानतात आणि एक पायरी चढायला ढोबळमानाने दोनशे तासांचा अभ्यास धरतात. रोज अर्धा तास दिला तर वर्षाचे १८२ तास होतात. वरच्या पायऱ्यांना वेळ जास्त लागतो. पहिलं रेकॉर्डिंग पुसू नका, तारीख घालून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा एक मिनिट बोलून दोन्ही लिहून काढा, एवढं सांगून मी हजेरी घेतली.