बाई, इथं कुणाकडं बघायचं?

डिसेंबर लागला की विचारणा सुरू होते. गॅदरिंगची गाणी ठरायची असतात. पालक विचारतात, आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, इतर शाळांच्या बाई विचारतात, पुण्याहून भाची फोन करते, कारण तिच्या लेकीला बालवाडीत भलतंच गाणं दिलंय. प्रश्न एकच. हे गाणं मुलांना चालेल का, आणि तुम्ही ते ठरवता कसं? मी "नको" म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं: "अहो बाई, त्यांना काय कळतंय त्यातलं!"

दर वर्षी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वर्षी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की बाई फारच सोवळ्या झाल्यात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळंच सांगते.

"त्यांना काय कळतंय" हे वाक्य माझंही आहे. २०१३ च्या जानेवारीत मी ते स्टाफ मीटिंगमध्ये ठासून म्हटलं होतं. आमच्यातल्या एका वयस्कर गुरुजींनी तिसरीच्या मुलींच्या गाण्याला हरकत घेतली होती. मी म्हणाले, गुरुजी, मी स्वतः चौथीत 'बुगडी माझी सांडली गं'वर नाचलेय. 'सांगत्ये ऐका' हा तिचा चित्रपट १९५९ चा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण गाणं आमच्या शाळेपर्यंत टिकून होतं. साताऱ्याला जाताना बुगडी हरवते आणि घरच्या म्हाताऱ्याला चुगली सांगू नका म्हणून ती विनवते. मला वाटायचं, म्हातारा म्हणजे तिचे आजोबा, दागिना हरवला म्हणून रागावतील. तो म्हातारा कोण आणि चुगली कसली, हे लग्नानंतर कधीतरी उमगलं. काय बिघडलं माझं? गुरुजी गप्प बसले. मी जिंकले असं मला वाटलं.

त्या गाण्याचं नाव घेत नाही. त्या वर्षी प्रत्येक वरातीत आणि प्रत्येक वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाडीत तेच वाजत होतं, मुलींना तोंडपाठ होतं. आठ जणी घेतल्या. मधे उभी राहणारी आठ वर्षांची होती. अंगात ठेका इतका की एकदा दाखवलं की झालं. कडव्याच्या शेवटी, मूळ नाचात होतं तसं, खालचा ओठ दातात धरून एक डोळा मारायचा होता. तिचे दोन्ही डोळे एकदम मिटायचे. तीन दिवस मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात घेऊन बसले. एक पापणी बोटानं वर धरायची आणि दुसरी मिटायची, असं करून करून शिकवलं. जमलं तेव्हा तिनं स्वतःच टाळी वाजवली. मग विचारलं, "बाई, इथं कुणाकडं बघायचं?"

मी म्हणाले, "समोर. पहिल्या रांगेत."

हे उत्तर मी बारा वर्षं घोळवतेय. मुलं स्टेजवर मान खाली घालतात, म्हणून आम्ही सगळेच सांगतो की समोर बघा. हे खरंच आहे. पण पहिल्या रांगेत कोण बसतं हेही मला ठाऊक होतं. तिथे बक्षीस देणारे बसतात. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेचं गॅदरिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गाणं चालू असताना गावकरी चिठ्ठीत नोट घालून पाठवतात आणि माइकवर पुकारा होतो, अमक्यांकडून या गाण्याला शंभर रुपये. त्या पैशांतून शाळेच्या कितीतरी गरजा भागतात. देशभक्तीच्या गाण्याला पन्नास, शंभर. उडत्या चालीच्या गाण्याला त्याच्या कितीतरी पट. आम्हाला त्या वर्षी पाण्याचा फिल्टर घ्यायचा होता. मुलं टाकीचं पाणी पीत होती, दर पावसाळ्यात निम्मा वर्ग जुलाबानं घरी. म्हणजे मी काही वाईट हेतूनं ते गाणं घेतलं नव्हतं. पण कुठल्या गाण्याला पैसे पडतात हे माहीत असून घेतलं होतं.

त्या रात्री तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या रांगेतला एक माणूस धरला, नीट त्याच्याकडे बघितलं आणि डोळा मारला. रांग हसली. मागून शिट्ट्या आल्या, चिठ्ठ्या येऊ लागल्या, वन्स मोअर झाला. निवेदन करणारे आमचेच सर म्हणाले, "तेवढा डोळा मारायचा भाग परत घेऊ." स्पीकरवाल्यानं गाणं मागे घेतलं. तिनं परत केलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा तिनं समोर बघितलंच नाही. मान वळवून विंगेत माझ्याकडे बघितलं आणि डोळा मला मारला. बरोबर येतंय ना, एवढंच विचारत होती ती.

मी अंगठा दाखवला.

बक्षिसांची वही मीच लिहीत होते. त्या एका गाण्याला २,३४० रुपये जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी एक आजोबा भेटले, म्हणाले, "बाई, दौलतजादा झ्याक झाली की रात्री!" टोमणा नव्हता तो. आयुष्यभर तमाशा बघितलेला माणूस, खूश होऊन बोलत होता. तमाशात नाचणारीवर पैसे उधळतात, ती दौलतजादा. त्यानं त्या गोष्टीला तिचं खरं नाव दिलं, बस्स. बक्षीस, प्रोत्साहन, शाळेला मदत हे आमचे शब्द होते.

त्या आठवड्यात सातवीची पोरं तिला गाण्यातल्या नावानं हाक मारायला लागली. पाण्याच्या टाकीशी डोळे मारायला लागली. ती माझ्याकडे आली. "बाई, माझं काय चुकलं?" मी म्हणाले, काही नाही गं. "मग हसत्यात का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरांना मी छड्या दिल्या, ज्याची मला आज वेगळी लाज वाटते, कारण त्यांनी केलं ते मी शिकवलेलंच होतं. मग तिची आई आली. भांडायला नाही. पदर सावरत एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी घेऊ नका तिला. हे म्हणत्यात, बाईंनीच शिकवलंय तर आपण काय बोलायचं." चौथी संपेपर्यंत ती मुलगी पुन्हा स्टेजवर चढली नाही. सव्वीस जानेवारीच्या भाषणालाही नाही.

तेव्हा त्यांना काय कळतंय? गाणं तिला कळलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पहिली रांग मात्र कळली.

त्यानंतर तीन वर्षं मी सगळंच बंद केलं. फक्त देशभक्ती, शेतकरी, कोळीगीत, पोवाडा. मला वाटलं प्रायश्चित्त झालं. तिसऱ्या वर्षी एका आईनं सुनावलं ते मी विसरलेले नाही. म्हणाली, बाई, माझी पोरगी घरात तेच गाणं म्हणायची आणि आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. तुम्ही वर्गात "ते घाणेरडं आहे" म्हणालात, आता ती दार लावून म्हणते. मी चिडले, मग घरी येऊन बसले. ती बरोबर बोलत होती. मुलींना लाज कुठे ठेवायची असते ते मी स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं. एकदा डोळा मारायला शिकवून आणि एकदा बंदी घालून, दोन्ही वेळा.

म्हणून मी आता शब्दांवरून ठरवत नाही. शब्दांवरून ठरवायचं तर अर्धं मराठी गाणं बाद होईल. 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला' घ्या. आमच्या भागातली ऊसकरी मुलं ती लावणी ऐकून एवढंच विचारतात की कोल्हा खरंच ऊस खातो का. खातो. मुलांचा अर्थ तिथेच पुरा होतो आणि तो खोटा नसतो. ती लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण अंगभर पदर घेऊन उभ्या राहायच्या, सगळा तिखटपणा गळ्यात. तेच शब्द आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेवर टाकले की ती वेगळी गोष्ट होते. "लावणी आपली संस्कृती आहे, ती कशी चालते मग?" असं मला विचारतात. लावणीतली अदा समोरच्या माणसाशी बोलते, तीच तर तिची कला. ती करायला बाईला वर्षं लागतात आणि ती आपण काय करतोय हे जाणून करते. मला लावणी फार आवडते, म्हणूनच नऊवारी गुंडाळून तिसरीच्या पोरींकडून ती करून घेणं मला सोसत नाही.

मग शब्द अगदीच निरुपद्रवी का? तिथेही माझं अडतं. 'जत्रा' चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' आमच्या पहिलीच्या मुलांनी एकदा केलं होतं, हात पंखांसारखे हलवत, कॉक कॉक करत. काय धमाल आली होती. अजय-अतुलनी तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून दिली. चाल तीच, आणि मला एक चालतं, दुसरं चालत नाही. म्हणजे शब्द मोजतेच आहे मी. सहकारी हे माझ्या तोंडावर दाखवतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

मला आता एवढंच तपासता येतं: या नाचात मुलाला कुणाकडं तरी बघावं लागतं का? कुणाला तरी बोलवावं, खुणवावं, रिझवावं लागतं का? मुलं एकमेकांकडे बघून नाचत असतील, आपल्याच पायांकडे बघत असतील, तर बहुतेक गाणी मी घेते, आणि तेव्हा कडक पालक माझ्यावर रागावतात. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानंही टीव्हीच्या नाचाच्या कार्यक्रमांबद्दल वाहिन्यांना कळवलं होतं की मोठ्यांच्या चित्रपटांतल्या सूचक हालचाली लहान मुलांकडून करून घेतल्या जातात, त्या टाळा. ते वाचून बरं वाटलं. पण त्या कागदात टीव्हीच्या वाहिन्या होत्या. आमच्या गावातली पहिली रांग त्यात नव्हती.

आणि मुलग्यांबद्दल मला कुणीच कसं विचारत नाही? पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही. चौथीच्या पोरांना काळे गॉगल लावून, मुलीची ओढणी ओढायची आणि ती "नाही" म्हणाली की पुन्हा वाट अडवायची, अशी गाणी मी बसवलीत. त्यांना बक्षिसं पडली, आया हसल्या. नऊ वर्षांच्या मुलाला ओढणी नेमकी कुठल्या मात्रेवर ओढायची ते मी मोजून शिकवलंय. त्याबद्दल एकाही वडिलांनी येऊन पुढच्या वर्षी घेऊ नका म्हटलं नाही. आता मी ती घेत नाही, आणि याच नकाराला सर्वात जास्त विरोध होतो. "अहो, गंमत असते ती."

ती मुलगी गेल्या दिवाळीत एसटी स्टँडवर भेटली. कॉलेजला आहे, साताऱ्याला. "ओळखलं का बाई?" म्हणाली. अभ्यासाचं विचारलं, आईचं विचारलं. गाडी लागेपर्यंत दहा मिनिटं होती. ते विचारायचं माझ्या अगदी ओठावर होतं, विचारलं नाही. तिला आठवत नसेल तर मी का आठवण करून द्यायची, असं स्वतःला सांगितलं. मला ते कारण पुरेसं वाटत नाही.

फिल्टर अजून चालू आहे. दोनदा कँडल बदलली.

यंदा चौथीच्या सहा मुलींनी आईच्या मोबाइलवर एक गाणं आणलंय. शब्द मला आवडलेले नाहीत. मी त्यांना म्हटलं, करून दाखवा. दार लावलं, बाकं सरकवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्यांनी माझ्याकडे बघू नये. पायांचे आवाज ऐकत होते. एकदा कुणीतरी चुकलं आणि सगळ्या खिदळल्या. मग एकीनं विचारलं, "बाई, बघा की!" मी वळले. सहाही जणी माझ्याकडेच बघत होत्या. सोमवारपर्यंत सांगते म्हटलंय.