वकीलसाहेबांची मृत्युपत्रं आणि अजून न आलेलं मशीन

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या १०.१ आवृत्तीपासून जुन्या सर्व्हरवर लॉगिन केलं की टर्मिनल आधी कुरकुर करतं. तीन ओळींचा इशारा येतो: या कनेक्शनला पोस्ट-क्वांटम की एक्स्चेंज (क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशी किल्लीची देवाणघेवाण) नाही, हे सेशन आज साठवून पुढे कधीतरी उलगडता येईल, सर्व्हर अपग्रेड करावा लागेल.

मी पुण्यातल्या काही छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते. सदाशिव पेठेतल्या एका वकीलसाहेबांच्या डब्यावर हा इशारा यायला लागला. डबाच तो. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, उबुंटू १८.०४ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन बसलेला. त्यात पक्षकारांच्या मृत्युपत्रांचे स्कॅन आहेत आणि रोज रात्री त्यांची प्रत इंटरनेटवरून दुसरीकडे जाते.

साहेबांना सांगितलं, तर उलटतपासणी सुरू.

"पाषाणला आयसरमध्ये ते क्वांटमवाले आहेत ना? त्यांनी काढलं का मशीन?"

"कुलपं तोडणारं मशीन अजून जगात कुणाकडेच नाही, साहेब."

"मग मला आत्ता खर्च कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी विचारलं, "ही मृत्युपत्रं किती वर्षं फुटता कामा नयेत?" चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पक्षकार आहे तोवर तरी. काही जण चाळिशीतले आहेत हो."

सगळी मेख इथेच आहे. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक मिळाला तर आरएसए आणि त्याच्या भावंडांचं, म्हणजे इंटरनेटवरच्या नेहमीच्या कुलपांमागचं, गणित सुटतं. २०१९ मध्ये अंदाज होता, की २०४८ बिटांच्या आरएसएला २ कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) आणि ८ तास लागतील. २०२५ मध्ये त्याच अंदाजकर्त्यांपैकी क्रेग गिडनी यांनी क्युबिटचा आकडा १० लाखांच्या खाली आणला, वेळ मात्र आठवड्याच्या आत. यंत्र तिथवर पोचलेलं नाही, पण आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते दिसतंय. आज वाहणारी माहिती कुणी टिपून ठेवली, तर त्याला फक्त थांबायचंय. सदाशिव पेठेतल्या वकिलाच्या वायरीला कुणी कान लावून बसलंय, असं मला मुळीच वाटत नाही. पण अपग्रेड तसाही रखडलेलाच होता.

घाबरवून माल खपवणारे मात्र आत्तापासून फिरायला लागलेत. एकाने साहेबांना 'क्वांटमप्रूफ' बॅकअप विकायचा प्रयत्न केला. त्यांचा बॅकअप एईएस-२५६ या वेगळ्या जातीच्या कुलपाने बंद आहे आणि त्या कुलपाला क्वांटमचा म्हणण्यासारखा धोका नाही. धोका आहे तो किल्लीची देवाणघेवाण होते त्या क्षणाला.

त्यावरचा उपाय फुकट मिळतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली, त्यातलं किल्लीच्या देवाणघेवाणीचं एमएल-केईएम आता क्रोममध्येही आहे. जुन्या पद्धतीची ३२ बाइटांची सार्वजनिक किल्ली इथे ११८४ बाइटांची होते. आपल्या ब्रॉडबँडला त्याचं काही वाटत नाही. शिवाय सहसा जुनं आणि नवं दोन्ही एकत्र लावतात, ते मला फार पटतं. एनआयएसटीच्याच निवडप्रक्रियेत पुढे गेलेलं एसआयकेई नावाचं नवं गणित २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटलं होतं. नव्यावर एकट्यावर विसंबायचं कशाला?

डबा एका रविवारी २४.०४ वर नेला, आधी २०.०४, मग २२.०४ असे टप्पे घेत. इशारा गेला. साहेबांचा स्कॅनर त्यानंतर फायली पाठवेना. त्याला जुनाच प्रोटोकॉल कळतो, म्हणून त्याचं फोल्डर ऑफिसच्या नेटवर्कपुरतं वेगळं काढलं. खरा वेळ गेला तो त्यातच.

राउटरमधलं व्हीपीएन अजून जुन्याच पद्धतीचं आहे. कंपनी म्हणते, या मॉडेलला अपडेट येणार नाही. नव्याचं कोटेशन पाठवलंय, त्यावर साहेबांची घासाघीस चालू आहे. आणि त्यांचं डिजिटल सहीचं टोकन आरएसएवरच चालतं. ते बदलणं आम्हा दोघांच्याही हातात नाही. सही साठवून पुढे उलगडण्यासारखं काही नसतं, त्यामुळे त्याची घाई कमी. मूळ मृत्युपत्रं कागदावर, साक्षीदारांच्या सह्यांसकट लॉकरमध्ये आहेतच.