तो आला की ती आली?

"ऊ आमद." फळ्यावर एवढंच होतं आणि मी वहीत अर्थ लिहिताना अडकले. तो आला की ती आली?

फारसी शिकवणाऱ्या बाई हसल्या. "दोन्ही. 'ऊ'ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही."

तोवर सगळं कसं घरचं वाटत होतं. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'मन केताब-रा खांदम', मी पुस्तक वाचलं. कर्माला चिकटणारा तो 'रा' तर थेट आपल्या 'ला'सारखा! 'मन' गाळलं तरी चालतं, कारण 'खांदम'मधला शेवटचा 'म' सांगतो की वाचणारी मीच.

वाचणारी? बघा, घातलंच लिंग.

मराठीत मी 'आले' म्हटलं की बाई ठरतेच. कुणी चिठ्ठीत नुसतं 'आमदम' लिहून गेलं, तर कोण आलं होतं हे कसं ओळखायचं?